दान कोण देतो?

चौका-बारा हा खेळ आपल्या बाजूच्या वाचकांना शिकवावयास नको. दुबलगुंडीत काय किंवा हुमनाबाद, भालकी, आळंद यांपैकी कोणत्याही बाजूच्या गावात काय, ओसरीच्या शहाबादी फरशीवर खडूने नाही तर कोळशाने पाच-पाच घरांचा चौकोन आखला, त्यात फुल्या मारल्या, की पट तयार झाला. बायका श्रावणात खेळतात, मुले उन्हाळ्याच्या सुटीत खेळतात, आणि पुरुषमाणसे 'हा पोरखेळ आहे' असे म्हणत वर्षभर खेळतात. दान टाकावयास चार कवड्या लागतात. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून काढलेल्या चार डाळी चालतात. जितक्या उताण्या पडतील तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चौका, चारही पालथ्या पडल्या तर बारा; नाव बारा आणि किंमत मात्र आठ. व्यवहारातही अशी नावे पुष्कळ आढळतात. कित्येक घरांत असा नियम असतो की, चौका किंवा बारा पडल्याशिवाय सोंगटी पटावर बसावयाचीच नाही.

या नियमामुळेच आमचा विषय निघतो. चौघे खेळावयास बसतात. तिघांच्या सोंगट्या निम्मा पट चालून जातात आणि चौथा आपला एक, दोन, तीन करीत बसलेला असतो. अशा वेळी आमच्या मित्रमंडळींत जे बोलणे होते ते जवळजवळ ठरलेले आहे. माळकरी बुवा म्हणतात, "त्याची इच्छा नसेल तर झाडाचे पानसुद्धा हालत नाही, कवडी कशी उलटेल?" निवृत्त गणितशिक्षक असलेले आमचे मास्तर विचारतात, "बुवा, एवढ्या विश्वाचा पसारा सांभाळणारा तुमच्या कवड्या मोजत बसेल काय?" किराणा दुकानवाले अण्णा म्हणतात, हा सगळा हाताचा दोष, मूठ नीट हालवत नाहीत. आणि चाचा, ज्यांची सोंगटी बहुधा अडकलेली असते, ते 'किस्मत' एवढाच एक शब्द उच्चारून पुन्हा कवड्या उचलतात.

दान एक आणि उत्तरे चार! यांपैकी खरे कोणते हे ठरवण्यापूर्वी निदान मोजून तरी पाहावे असे मास्तरांचे म्हणणे पडले आणि ते आम्हांस पटले. त्या मोजणीतून जे निघाले व त्यावर जी चर्चा झाली ती या अंकाच्या निमित्ताने मांडीत आहोत. विषय वरवर खेळाचा दिसेल. परंतु तो लग्नघरापर्यंत जातो, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी तो अवश्य वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम हिशेब. एक डाळ दोन प्रकारे पडू शकते, उताणी किंवा पालथी. दोन डाळी चार प्रकारे, तीन डाळी आठ प्रकारे आणि चार डाळी सोळा प्रकारे. या सोळा प्रकारांत एकच उताणी असण्याचे प्रकार ४, दोन उताण्या असण्याचे ६, तीन उताण्या असण्याचे ४, चारही उताण्यांचा १ आणि चारही पालथ्यांचा १. म्हणजे दुवा वारंवार पडतो यात कोणाची मर्जी शोधावयास नको. त्याला येण्याच्या वाटाच सहा आहेत. चौका आणि बारा मिळून सोळांत दोन, म्हणजे सरासरीने आठ दानांत एकदा.

घरच्या मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा. चार सारख्या डाळी घेऊन १६० वेळा टाकाव्यात आणि पाटीवर रेघा मारीत जावे. एक, दोन, तीन, चौका व बारा यांच्या रेघा अनुक्रमे ४०, ६०, ४०, १० आणि १० यांच्या आसपास येतील. तंतोतंत येणार नाहीत. तंतोतंत आल्याच तर कोणीतरी लबाडी केली आहे असे समजण्यास हरकत नाही. नंतर हाच प्रयोग कवड्यांनी करावा. कवडीची पाठ फुगीर व पोट चिरलेले असल्यामुळे ती दोन्ही अंगांवर सारख्या वेळा पडेलच असे नाही, आणि रेघांत तो फरक उतरतो. अण्णांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. दोष होता, पण तो हातात नसून कवडीत होता.

आता त्या अडकलेल्या सोंगटीकडे वळू. एका दानात चौका अथवा बारा न पडण्याचा संभव आठांत सात. लागोपाठ वीस दाने न पडण्याचा संभव काढावयाचा तर सात अष्टमांश ही संख्या वीस वेळा स्वतःशी गुणावी लागते. मास्तरांनी ती गुणून दाखविली. उत्तर शेकडा सातच्या किंचित आत येते. म्हणजे शंभर खेळाडूंपैकी सात जण वीस दाने नुसते बसून राहणार. एका माणसाच्या दृष्टीने हे मोठेच दुर्दैव. परंतु पटावर माणसे चार असतात. चौघांपैकी निदान एकाच्या वाट्याला हे येण्याचा संभव शेकडा २५ निघतो! दर चार डावांत एकदा कोणीतरी एक जण 'माझेच नशीब फुटके' असे म्हणणार, हे डाव मांडण्यापूर्वीच सांगता येते. तो कोण असेल, हे मात्र सांगता येत नाही.

या दोन वाक्यांत जे अंतर आहे त्यातच आमच्या सर्व वादाचे मूळ आहे. 'कोणावर तरी पाळी येईल' हे मास्तरांचे वाक्य, आणि 'माझ्यावरच का आली?' हा चाचांचा प्रश्न. मास्तर आपल्या वाक्याने चाचांच्या प्रश्नाला उत्तर दिले असे समजतात, आणि बुवा चाचांच्या प्रश्नाचे उत्तर देऊन मास्तरांचे वाक्य खोडले असे समजतात. दोघेही एकमेकांच्या शेजारून निघून जातात.

मोजणे ही गोष्ट पाश्चात्त्यांकडून आली आणि आपले पूर्वज सगळे दैवावर सोडून बसले होते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. बेहड्याच्या फळांचे फासे, त्यापायी घरधनिणीने फिरविलेले तोंड, आईबापांनी व भावांनी 'आम्ही याला ओळखत नाही' असे म्हणणे, हे सर्व त्यात आहे. आणि शेवटी, फासे सोड व शेत कर, असा उपदेश आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा तर याहून बोलकी आहे. द्यूतात राज्य घालवून, दमयंतीला रानात टाकून गेलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नलाला ते खरे वाटत नाही. तो रथ थांबवितो, खाली उतरतो आणि मोजून पाहतो; संख्या बरोबर निघते. ही विद्या म्हणजेच अक्षहृदय, फाशांचे मर्म, असे राजा त्याला सांगतो. ते मर्म हाती येताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो. कथाकाराने फासे आणि मोजणी यांचे नाते ओळखले होते, आणि कली उतरण्याचा क्षण त्याने नेमका मोजणीच्या जोडीला ठेवला आहे. बुवांनी ही कथा कीर्तनात पुष्कळदा ऐकली होती. मास्तरांनी त्या अंगाने ती पुन्हा सांगितली तेव्हा तेही क्षणभर थांबले.

युरोपात या विद्येचे शास्त्र झाले ते इ. स. १६५४ मध्ये, आणि तेही एका जुगारी सरदाराच्या अडचणीतून. अडचण अशी की डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटावेत? ब्लेझ पास्कल हा पॅरिसचा गणिती आणि पिएर द फर्मा हा तुलूजचा न्यायखात्यातला अधिकारी, यांनी पत्रांतून हा प्रश्न सोडविला. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. पास्कलचे उदाहरण सोपे आहे. दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व ६४ घ्यावयाच्या. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पास्कल म्हणतो, पुढचा डाव झाला असता असे समजा. पहिला जिंकला तर त्याला ६४. हरला तर दोघे बरोबरीत आले, म्हणून त्याला ३२. म्हणजे ३२ तर काही झाले तरी त्याच्याच. राहिलेल्या ३२ मोहरा कोणाकडे जातील ते सांगता येत नाही, म्हणून त्या निम्म्या-निम्म्या. पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६. जे अजून घडलेलेच नाही त्याचा न्याय्य हिशेब मांडता येतो, ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे मांडली गेली. आजचा विमा याच पायावर उभा आहे.

परंतु आमचे लक्ष वेधले ते त्याच वर्षातल्या दुसऱ्या गोष्टीने. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास पास्कलला ईश्वराच्या सान्निध्याचा असा काही अनुभव आला की, त्याने तो कागदावर उतरविला आणि अंगरख्याच्या अस्तरात शिवून टाकला. त्याने याची वाच्यता केली नाही. १६६२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी तो वारला, तेव्हा नोकराच्या हाताला ते शिवलेले कागद लागले. ज्या वर्षी ज्या माणसाने यदृच्छेचे गणित मांडले त्याच वर्षी त्याच माणसाने हे लिहून ठेवले. मास्तरांना हे सांगताना थोडे जड गेले, आणि बुवांना ऐकताना फार आनंद झाला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

बुवांचा आनंद मात्र फार वेळ टिकला नाही. कारण पास्कलच्या टिपणांचा जो ग्रंथ १६७० मध्ये, त्याच्या मरणानंतर, छापला गेला त्यात ईश्वरावर लावावयाची पैज आहे. ईश्वर आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही, पण जगावयाचे म्हणजे एका बाजूला पैसे लावणे आलेच. 'आहे' म्हणून जगलो आणि तो असला तर लाभ अनंत. नसला तर गेले ते थोडे. तेव्हा शहाण्याने 'आहे' यावरच लावावे, असा तो युक्तिवाद. आमची अपेक्षा होती की बुवा हा उचलून धरतील. ते तर रागावलेच. "ही भक्ती नव्हे, हा सट्टा झाला. लाभ पाहून जो देवाला मानतो तो उद्या तोटा पाहून सोडील," असे ते म्हणाले. चाचांची शंका निराळी होती. पास्कलच्या पटावर दोनच घरे आहेत. आपल्या बाजूला पाहावे तर माणिकनगरचे सकलमत, कल्याणच्या शरणांची परंपरा, बिदरचा नानक झिरा, कलबुर्गीचा ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, अशी किती घरे! पैसे लावावयाचे तर कोणत्या घरावर? पास्कलच्या पैजेवरचा हा आक्षेप तत्त्वज्ञही घेत आले आहेत. दुबलगुंडीत तो चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर निघाला.

आता पट उचलून ठेवू आणि घरात जाऊ.

'पांढऱ्या पायाची' हा शब्द ज्या घरात कधीच उच्चारला गेला नाही ते घर भाग्याचे. सून घरात आली, वर्षाच्या आत सासरा गेला, किंवा बैल दगावला, किंवा विहीर आटली, की बोट तिच्याकडे वळते. येथे आमच्या चिंचोक्यांचा हिशेब लावून पाहा. समजा, एखाद्या मोठ्या गावात वर्षाला चाळीस सुना येतात. समजा, कोणत्याही घरात वर्षभरात एखादे मोठे संकट येण्याचा संभव दहांत एक आहे. म्हणजे चाळीसपैकी चार घरांत त्या वर्षी काही तरी घडणारच. त्या चार मुलींनी काय केले? काही नाही, त्या पटावर बसलेल्या होत्या, इतकेच. आणि ज्या चारशे घरांत त्या वर्षी लग्नच झाले नाही, त्यांतल्या चाळीस घरांतही तशीच संकटे आली. पण तेथे बोट दाखवावयास कोणी नवी मुलगी नव्हती, म्हणून ती कोणी मोजली नाहीत. एका बाजूच्या रेघा मारावयाच्या आणि दुसऱ्या बाजूची पाटी कोरी ठेवावयाची, याला मोजणी म्हणत नाहीत. अशा अर्धवट मोजणीवर एखादीचा सगळा जन्म जातो.

मंगळाचेही तसेच आहे. पत्रिकेतील बारा स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या व बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळाची पत्रिका झाली. बारांत पाच! मंगळ सर्व स्थानी सारखाच वाटला गेला असे धरले तर शंभरांत एक्केचाळीस-बेचाळीस माणसे मंगळाची निघतात. वर आणि वधू यांच्या १४४ जोड्या मांडल्या तर एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्या ७० येतात. निम्मी स्थळे या एका कारणासाठी मोडावी लागतील. म्हणूनच परिहारांची एवढी लांबलचक यादी करून ठेवावी लागली, असे आमचे अनुमान आहे. नाही तर लग्नसराईच बंद पडती.

कोणी म्हणेल की हे तुमचे कागदावरचे गणित, पत्रिका खरी ठरते की नाही हे प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. तेही आपल्याच महाराष्ट्रात पाहून झाले आहे. सन २००८ मध्ये पुण्यात ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन, एक चाचणी योजली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठविल्या व कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच सांगावयास सांगितले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. सरासरीने शेकडा ४६ उत्तरे बरोबर निघाली. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी शंभराच्या आसपास बरोबर आलीच असती. या चाचणीतील आम्हांला आवडलेली गोष्ट ही की, कोणाची टवाळी न करता, दोन्ही बाजूंच्या रेघा मोजल्या गेल्या.

यावर बुवांनी जे उत्तर दिले ते आम्ही संपूर्ण देतो, कारण ते वजनदार आहे. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही ज्योतिष पाडलेत. देव कुठे पाडलात? नवसाने पोरे होतात म्हणणाऱ्यांची थट्टा तुकोबांनीच केली आहे. मुहूर्ताचे स्तोम बसवण्णांनी मोडले. ते काय नास्तिक होते? मला सून पांढऱ्या पायाची म्हणायची नसेल तर देव सोडावा लागत नाही. उलट, देव सर्वांत आहे असे मानतो म्हणूनच मला तसे म्हणता येत नाही." मास्तर यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला मान्य आहे. पण तुमच्यासारखे मानणारे चार आणि बोट दाखविणारे चाळीस, हाही हिशेबच आहे." दोघांचेही म्हणणे आम्हांस खरे वाटते, आणि त्यातून एकच निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करीत नाही.

एक प्रसंग असा आहे की तेथे आकडे सांगावयास जीभ रेटत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसे झोपलेली, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे कोसळली. हजारो माणसे गेली. आपल्याकडेही जमीन हादरली. त्या वेळी जे जाणते होते त्यांना ती पहाट विसरता येणार नाही. देव बोळवून आलेल्या माणसांवर देवाने हे का आणले? अशा वेळी 'कोणावर तरी पाळी येणारच होती' हे वाक्य उच्चारणारा माणूस गणितात पास होईल, पण त्याला कोणी दारात उभे करणार नाही, आणि करू नये. आणि 'पाप वाढले म्हणून झाले' असे म्हणणारालाही तोच न्याय लावला पाहिजे. पाळण्यातल्या मुलांचे पाप कोणते?

परंतु येथेच शास्त्राने एक निराळा प्रश्न विचारला, आणि तो आपल्या घराघराशी संबंधित आहे. माणसे कशाने मेली? धरणीने त्यांना गिळले नाही, भिंतींनी मारले. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती. बाहेरचा थर निराळा, आतला निराळा, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि सगळे मातीत रचलेले. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद, आणि पावसात गळू नये म्हणून वर्षानुवर्षे टाकत गेलेल्या मातीचे ओझे. भूकंपात दोन्ही थर फुटून वेगळे झाले व माळवद खाली आले. आमच्या बाजूची जुनी घरे याहून फारशी निराळी नाहीत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे, माळवदावरील जादा माती उतरविणे, सर्व भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा बांधणे, ही कामे कोणत्याही धर्माच्या माणसाला करता येतात. शास्त्रालाही तेव्हा शिकावे लागले. तोपर्यंत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. २००२ च्या भारतीय मानकात तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द करण्यात आला. आपला आधीचा नकाशा चुकला असे छापून जाहीर करणे, ही शास्त्राची रीत आम्हांला फार मोलाची वाटते.

बुवांनी आपल्या वाड्याच्या माळवदावरची माती त्यानंतर दोन उन्हाळ्यांत निम्मी उतरविली. देवावरचा विश्वास त्यांनी कमी केला नाही. मास्तर ती माती उतरविण्याच्या कामाला स्वतः घमेले घेऊन गेले होते.

आता मित्रांनी वाद कसा घालावा याविषयी थोडे. आपल्या जिल्ह्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. बाराव्या शतकात कल्याणला अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या धंद्यांचे स्त्री-पुरुष बसून ईश्वर, देह, कष्ट यांविषयी प्रश्न विचारीत. अक्कमहादेवींसारख्या तरुण स्त्रीलाही तेथे प्रश्न झाले आणि तिने उत्तरे दिली. तो मंटप कशाने विस्कटला? ईश्वराच्या प्रश्नाने नव्हे, तर लग्नाने. चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवय्यांची मुलगी यांचा विवाह झाला, बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला आणि इ. स. ११६७ च्या सुमारास कल्याण पेटले, असे परंपरा सांगते. त्याच शरणांच्या वचनांचा अभ्यास करणारे डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला राहत्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. त्यापूर्वी दोन वर्षे, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात नरेंद्र दाभोलकरांची तीच गत झाली. प्रश्नाला उत्तर न सापडलेल्या माणसाने पटच उधळावा, तसे हे झाले. फक्त येथे सोंगट्या नव्हत्या.

आणि याच्या अगदी उलट उदाहरणही मराठी माणसाजवळ आहे. आगरकर आणि टिळक, दोघांचाही जन्म १८५६ चा. डेक्कन कॉलेजात असताना देशासाठी काय करावे यावर त्यांच्या चर्चा होत. आगरकर ईश्वराविषयी अज्ञेयवादी, टिळक परंपरा मानणारे. म्हणजे आमच्या मास्तर-बुवांहून काही फार निराळे प्रकरण नव्हे. १८८० मध्ये चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघे मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. ईश्वरावरील मतभेद एवढ्या सगळ्यांत आड आला नाही. मैत्री ताणली गेली ती सामाजिक सुधारणांवरून, आणि तितकीच, आमच्या मते थोडी अधिकच, सोसायटीच्या आजीव सभासदांनी पगार किती घ्यावा, बाहेरचे काम करावे की नाही, या कारभाराच्या प्रश्नांवरून. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला, आणि त्या लांबलचक राजीनाम्यात देवाचा प्रश्न नाही, त्यागाचा व पैशाचा आहे. ज्यांनी कोणतीही संस्था चालविली आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

पुढे दोघांनी एकमेकांवर सडकून लिहिले. आगरकरांच्या जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा निघाली. दम्याने खंगून ते १७ जून १८९५ रोजी वारले, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला, आणि तो सांगताना त्यांचे डोळे वारंवार भरून येत होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.